‘भागूबाई’ कुणाला म्हणता?

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत मी प्रथमच नाव दिले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे व्यासपीठ, माइक, परीक्षक ही सारी माझ्या दृष्टीने दुसऱ्यांची दुनिया. भाषण मात्र तोंडपाठ केले होते. पारोळ्याहून जळगावला येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी ते तीनदा मनातल्या मनात म्हणूनही घेतले होते. परंतु प्रत्यक्ष उभा राहिलो, समोर एवढी डोकी पाहिली, आणि ‘सन्माननीय अध्यक्ष व गुरुजनवर्ग’ याच्या पुढे माझी गाडी सरकेना. अर्धा मिनिट गेला, एक मिनिट गेला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बस खाली, भागूबाई!’

सारे सभागृह खो खो हसले. मीही हसलो आणि खाली येऊन बसलो.

कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? कॉलेजात असे चालायचेच. ज्याने आवाज दिला तो माझा मित्रच आहे. आजही आम्ही एका डब्यात जेवतो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो माझ्या स्वतःच्या हसण्यावर. कारण वाचकहो, भागूबाई हे माझ्या आजीचे नाव आहे. त्या क्षणी मला ते आठवलेसुद्धा नाही. ते आठवले रात्री, खोलीवर अंथरुणात पडल्यावर. आणि मग मला झोप लागली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. माणसाचे नाव हे माणसाचे असते. ते उठून सगळ्यांच्या तोंडचा शब्द कसे होते? आणि शब्द झाल्यावर त्याचा अर्थ कोण ठरवतो?

व्याकरणाच्या तासाला आपण शिकलो की, नामाचे प्रकार असतात; त्यात विशेषनाम एकाच व्यक्तीचे असते आणि त्याचे अनेकवचन होत नाही. परंतु ‘आमच्या गल्लीत चार नारद आहेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा नारद हे विशेषनाम राहत नाही; ते सामान्यनाम होते. व्याकरणात ही गोष्ट दोन ओळींत संपते. भाषेत मात्र ती शेकडो वर्षे चालू राहते, आणि एकेका नावाच्या वाट्याला एकेक नशीब येते.

सगळ्यांत थोर नशीब ‘राम’ या नावाचे! आमच्या गावात या नावाची माणसे मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत. रामा, रामदास, रामचंद्र, रामलाल, सीताराम, तुळशीराम, सखाराम, आत्माराम. घराआड एक राम आहेच. आणि माणसांपेक्षाही शब्द जास्त! एका शेतकऱ्याचा दिवस घ्या. तो उठतो रामप्रहरी. बांधावर शेजारी भेटला की म्हणतो ‘राम राम’. मग सुरू होतो कामाचा रामरगाडा. दुपारी भाकरी पोटात गेली की आत्माराम थंड होतो. संध्याकाळी पारावर कोणी आपली रामकहाणी सांगत बसतो. कुणाला खोकल्यावर रामबाण औषध ठाऊक असते. पिकाची राखण, पाऊसपाणी, बाजारभाव हे सारे रामभरोसे. भाव पडला की म्हातारे म्हणतात, ‘आता शेतीत राम राहिला नाही.’ मग एखादा तरुण शेतीला रामराम ठोकतो आणि सुरतेची वाट धरतो. आणि शेवटी एक दिवस म्हाताराच राम म्हणतो.

पाहा, एकच नाव. पण ते पहाट झाले, नमस्कार झाले, निरोप झाले, कष्ट झाले, भूक भागल्याचे समाधान झाले, औषध झाले, बेभरवसा झाले, कशातलेही सत्त्व झाले आणि मरणही झाले. भेटतानाही राम राम आणि सोडून जातानाही रामराम! फळांतसुद्धा सीताफळाच्या शेजारी रामफळ आहेच. (आराम आणि हराम यांत राम दिसतो, पण तो फसवा, पहिला शब्द फारसीतून आला, दुसरा अरबीतून.) असा हा शब्द कुणी समिती नेमून तयार केला नाही. लोकांनी तो उठता-बसता तोंडात घोळवला, प्रेमाने वापरला, म्हणून त्याला इतके अर्थ फुटले.

राजकारणाने त्यातही भर घातली. १९६७ साली हरियाणातील गयालाल नावाचे आमदार काही दिवसांच्या आत इकडून तिकडे आणि तिकडून पुन्हा इकडे असे पक्ष बदलत राहिले. त्यांच्यावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द निघाला. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तरी तो शब्द काही निवृत्त झाला नाही. मराठी वर्तमानपत्रांत निवडणूक आली की तो हमखास येतो. त्या गयालालांचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? माणूस विस्मरणात गेला, शब्द मात्र राहिला.

येथवर सारे गमतीचे वाटते. परंतु रामाचाच ‘रामा’ झाला की काय होते, तेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या जुन्या सुखवस्तू घरांत घरकामाच्या गड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याच्या आईबापांनी त्याचे नाव काहीही ठेवलेले असो, मालकाच्या घरी तो रामा. एक रामा गेला, दुसरा रामा आला. देवाचे नाव ते प्रहराला आणि औषधाला शोभले. तेच गड्याला दिले तेव्हा त्यात राम उरला नाही, नुसता गडी उरला.

आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. माझे काका केळीच्या ट्रकवर आहेत. चाक पंक्चर झाले की ते क्लीनरला ओरडतात, ‘जॅक लाव रे!’ हा जॅक कोण? इंग्रजांच्या घरातले ‘जॉन’चे लाडके रूप म्हणजे जॅक. हे नाव तिकडे इतके घरोघर झाले की, कुठलाही साधा माणूस, हरकाम्या पोऱ्या म्हणजे जॅक. पुढे त्या पोऱ्याचे काम करणारी हत्यारे आली. बूट ओढून काढण्याचे साधन, मांस भाजताना गज फिरवणारे यंत्र, ओझे उचलणारे यंत्र. त्या सगळ्यांना त्यांनी जॅकच म्हटले. पत्त्यांतल्या गुलामालाही इंग्रजीत जॅक म्हणतात. म्हणजे तिकडचा जॅक आणि इकडचा रामा हे भाऊभाऊच की! आणि गंमत अशी की, तो जॅक आपल्याकडे आल्यावर मराठीत त्याला आणखी एक अर्थ फुटला. नोकरीसाठी वशिला लावायचा म्हणजे ‘जॅक लावायचा’. आमच्यासारख्यांपाशी तो जॅक नसतो, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्याच भाषेतील काही नावांची यादी पाहा. मोरेश्वराचा ‘मोरू’ झाला. ज्याला सहज फसवता येते तो मोरू. सोमा आणि गोमा यांचे ‘सोम्यागोम्या’ झाले. ज्याला कुणी विचारत नाही तो सोम्यागोम्या. गणपतीचे तर दोन तुकडे झाले. देवाचे नाव पाटीवर पहिल्यांदा लिहिले जाई, म्हणून कोणत्याही कामाचा आरंभ म्हणजे ‘श्रीगणेशा’. आणि त्याच देवाचे नाव ठेवलेली गरिबाची पोरे म्हणजे ‘गण्यागणप्या’, म्हणजे कुणीही नाही.

१९७५ साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ चित्रपट आला आणि खूप चालला. त्या विनोदाला माझी हरकत नाही. आमच्या गावातही लोक तो अजून आवडीने पाहतात. परंतु तेव्हापासून पोलीस शिपाई म्हणजे पांडू हे जे चिकटले, ते चिकटलेच. रात्रभर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माणसाला पाठीमागून ‘पांडू’ म्हणताना आपण विसरतो की, हे पंढरीच्या पांडुरंगाचे नाव. आणि आम्ही खानदेशातील मुलांनी तर ते मुळीच विसरता कामा नये. कारण १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत जे तरुण शिक्षक रुजू झाले आणि ज्यांनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने होते. आपण त्यांना साने गुरुजी म्हणतो. तेही पांडूच होते.

ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मोठ्याचे नाव शब्द झाले की त्याचा गुण वर येतो. दानशूर तो कर्ण, सत्यवचनी तो हरिश्चंद्र. साध्या माणसाचे नाव शब्द झाले की त्याचे हसे होते. याला अपवाद असतील. मोरू काही सगळेच गरीब नव्हते. आणि पुराणातल्या बड्या शकुनीचे नावही कुणी कौतुकाने घेत नाही. परंतु शकुनीने काहीतरी केले होते, म्हणून त्याचे नाव वाईट झाले. सोमा आणि गोमा यांनी काय केले होते? ते फक्त पुष्कळ होते, आणि त्यांच्या वतीने बोलणारे कुणी नव्हते.

आता मी पुन्हा ‘भागूबाई’कडे येतो.

भगीरथाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याने तप करून गंगा पृथ्वीवर आणली. म्हणून अचाट कष्टाच्या कामाला आपण ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणतो. भगीरथाने आणली म्हणून गंगा झाली भागीरथी. लोकांनी ते पवित्र नाव हौसेने मुलींना ठेवले, आणि घरोघरी भागीरथीची झाली भागू. माझ्या आजीचेही असेच. रेशनकार्डावर भागूबाई असले तरी तिच्या आईने ठेवलेले नाव भागीरथी. म्हणजे शब्द एकाच घरातले. परंतु पुरुषाचे नाव झाले पराक्रम, आणि बाईचे नाव झाले भित्रेपणा! याचा न्याय कुणी केला? कोणती भागू कुठून पळाली होती?

हा शब्द पुरुषालाच उद्देशून वापरतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. भित्र्या मुलीला कुणी भागूबाई म्हणत नाही. पुरुषाचा अपमान करायचा तर त्याला बाई म्हणायचे. ‘बांगड्या भर’ म्हणायचे तेही त्याच हिशेबाने. उलट बाईची स्तुती करायची तर तिला ‘मर्दानी’ म्हणायचे. दोन्हीकडून बाईचाच कमीपणा.

आता या भागूबाईविषयी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात ती नुकती संसाराला लागली होती. बोरी नदी कोरडी, विहिरी कोरड्या, घरात दाणा नाही. गावाजवळ दुष्काळी काम निघाले, तेथे ती खडी फोडायला जाई. तान्ही पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि ही उन्हात हातोडा घेऊन. खाण्याला सरकारी सुकडी. त्या पिढीच्या बायकांना त्यांच्या नावाने हाक मारायला कुणी नसे. कुणाची तरी सून, कुणाची तरी माय, एवढीच ओळख. नवरा बायकोचे नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचे नाव उखाण्यापुरते घेई. आजी सांगते की, सासरी तिचे नाव चारचौघांत मोठ्याने कुणी घेतले ते पहिल्यांदा त्या कामावर. मुकादम मस्टर घेऊन ओरडे, ‘भागूबाई!’ आणि ही म्हणे, ‘हाव!’ त्या ‘हाव’वर त्या दिवसाची मजुरी मिळायची. ज्या नावाला आपण भित्रेपणा म्हणतो, त्या नावावर आमचे घर जगले.

पुढे गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा आजी दिवसभर निंदणी करून रात्री कंदिलाशी पाटी घेऊन बसली. वाचन तिला जमले नाही. संसाराने तेवढी सवड दिली नाही. पण आपले नाव ती लिहायला शिकली. भा, गू, बा, ई. ही चार अक्षरे सोडली तर तिला दुसरे काही लिहिता येत नाही. बचत गटाच्या वहीत तिच्या सोबतिणींचे अंगठे आहेत, तिची मात्र सही आहे. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडील सुरतेला कामावर होते, म्हणून फॉर्मवर पालक म्हणून आजीने सही केली. पेन घट्ट धरून, जीभ दातांत दाबून, एकेक अक्षर कोरल्यासारखे. त्या सहीमुळे मी या महाविद्यालयात आलो. आणि त्याच महाविद्यालयाच्या सभागृहात ते नाव शिवी म्हणून आले, तेव्हा मी दात काढून हसलो!

दिवाळीच्या सुट्टीत मी धीर करून तिला हे सांगितले. मला वाटले, ती रागावेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अहिराणीत एवढेच म्हणाली, ‘मन्हं नाव कसाले लेतस रे भाऊ? मी त्यासनं काय लिधेल शे?’ माझे नाव कशाला घेतात, मी त्यांचे काय घेतले आहे? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख लिहीत आहे.

येथे काही मित्र म्हणतील, ‘तू फार मनाला लावून घेतोस. भाषेतून असे शब्द वेचून काढू लागलो तर विनोद कुठे राहील? म्हणी कुठे राहतील?’ या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शब्दांवर बंदी घालून भाषा सुधारत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात माझी आजी नसते, हेही मला कळते. परंतु माझे दुःख तेच आहे. नाव शब्द झाले म्हणजे त्यातला माणूस दिसेनासा होतो. गयालाल निदान आमदार होते. त्यांचे नाव लोकांनी का घेतले ते इतिहासात सापडते. रामा, सोमा, गोमा, भागू यांचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. त्यांच्याविषयी जगाला जे कळते ते या एका शब्दातून, आणि तो शब्दही दुसऱ्यांनी ठरवलेला!

आणि मराठी भाषा काही इतकी दरिद्री नाही. भित्र्याला भित्रा म्हणा, घाबरट म्हणा, भेकड म्हणा, शेळपट म्हणा. शब्दांना काय तोटा? मला त्या दिवशी कुणी ‘घाबरट’ म्हटले असते तर मी ते निमूटपणे ऐकले असते, कारण ते खरे होते.

दुसरे असे की, नावाला चिकटलेला अर्थ जन्माचा नसतो, तो बदलतो. याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेली एक मुलगी. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबली, वैधव्य सोसले आणि १९५१ साली गेली. तिने कामे करता करता रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली होती. मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. तिचे नावही आमच्या बायाबापड्यांच्या नावांसारखेच, साधे, घरगुती. ‘बहिणा’ आणि पुढे ‘बाई’. हे नाव उद्या अडाणीपणाचा शब्द म्हणून सहज रूढ होऊ शकले असते. तसे झाले नाही. आज बहिणाबाई म्हटले की शहाणपण आठवते. १९९० साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव देण्यात आले. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिच्या नावाने आता आपण सारे पदव्या घेतो.

तेव्हा भागूबाईलाही दुसरा अर्थ मिळू शकतो. तो कोशकार देणार नाहीत, बोलणारे देतील. राम शब्दाला इतके अर्थ लोकांनीच दिले. मग आपण या वर्गातले, या बाकांवरचे विद्यार्थी निदान एवढे करू शकतो की, येत्या स्नेहसंमेलनात शेलापागोटे लिहिताना कुणाच्या आईचे, आजीचे, गड्याचे, शिपायाचे नाव शिवीसारखे कागदावर उतरू द्यायचे नाही. आणि वर्गात कुणी अवघड काम चिकाटीने तडीस नेले, तर ‘काय भागूबाई आहेस रे!’ असे म्हणून पाहू. पहिल्यांदा हसू येईल. हरकत नाही, हसता हसताच शब्द बदलतात.

या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत पुन्हा नाव दिले आहे. बोलता येईल की नाही, ते माहीत नाही. परंतु मागच्या बाकावरून पुन्हा तीच हाक आली, तर या खेपेस मी हसणार नाही. आजीसारखे ‘हाव!’ म्हणेन आणि पुढचे वाक्य बोलायला लागेन.

सारे सुरळीत झाले तर पुढील वर्षी मला पदवी मिळेल. तो कागद मी प्रथम आजीच्या हातात देणार आहे. तिला तो वाचता येणार नाही. पण वर छापलेल्या विद्यापीठाच्या नावात ‘बहिणाबाई’ आहे, आणि त्यातली शेवटची दोन अक्षरे तिला ओळखीची आहेत. ‘बा’ आणि ‘ई’. तेवढी ती बोट ठेवून नक्की वाचील.

— द्वितीय वर्ष, कला शाखा